घरजावयाचा आवाज

"चहा गार व्हायच्या आत आवाज सुरू करून देतो," असं रिस्टार्ट मावशीला छातीठोकपणे म्हणाला. पुढे तो चहा गार झाला, त्यावर साय धरली, ती साय कुणीतरी चमच्याने काढली, उरलेला चहा बेसिनमध्ये गेला, कप विसळून पालथा झाला, तरी आवाज आलेला नव्हता. पण खरी गंमत ही नाही. खरी गंमत अशी की तोवर सगळ्यांची खात्री पटली होती की आवाज आला आहे, आणि त्या खात्रीपायी दोन माणसं बहिरी ठरली होती आणि एकाचे कान अलौकिक.

रिस्टार्ट हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. घरात कुणाचंही काहीही बिघडलं, मोबाइल असो, फ्रिज असो, आत्याचा गुडघा असो, की तो म्हणायचा, "बंद करून परत चालू करून बघा." म्हणून हे नाव पडलं. गुडघ्याच्या बाबतीत त्या सल्ल्याचा उपयोग झाला असं आत्या अजून सांगते, त्यामुळे नातेवाइकांत त्याचा शब्द चालतो.

मावशी कानाची डॉक्टर. तिचं केंद्र दोन खोल्यांचं. बाहेर पेशंटना बसायला खुर्च्या, आणि छतात दोन स्पीकर, त्यातून दिवसभर मंद वाद्यसंगीत. आत तिचं टेबल, संगणक आणि कोपऱ्यात एक केबिन. केबिनच्या भिंतींना जाड स्पंज, दाराला रबर, आणि मावशीच्या टेबलाकडे बघणारी काचेची खिडकी. पेशंटने आत बसायचं, हेडफोन लावायचा, हातात एक बटण धरायचं. मावशी बाहेरून संगणकावर क्लिक करून बारीक-मोठे आवाज पाठवणार. आवाज ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. पडद्यावर आपोआप आलेख उमटतो आणि त्यावरून कान किती शिल्लक आहेत ते कळतं.

हा सगळा कारभार एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचा, आणि तो प्रोग्रॅम एका जुन्या संगणकावर. आदल्या दुपारी त्या संगणकातून धूर आला. रिस्टार्टने तो बंद करून परत चालू केला, तेव्हा जास्त धूर आला. नवा संगणक आणला, तर तो म्हणे, असले जुने प्रोग्रॅम मी चालवत नाही. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती.

"त्यावर उपाय आहे," रिस्टार्ट म्हणाला. "हा नवा संगणक आहे ना, याच्या पोटात मी एक जुना संगणक तयार केलाय. खराखुरा नाही, भासाचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. तुझा प्रोग्रॅम आतल्यावर चालणार."

"पाहुणा किती दिवस राहणार?"

"कायमचा."

"मग पाहुणा कसला? घरजावई म्हण."

नाव अगदी चपखल बसलं. आतल्या संगणकाला खरोखरच वाटत होतं की हे घर आपलंच आहे. पडदा आपला, कीबोर्ड आपला, माऊस आपला. प्रत्यक्षात त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं, प्रत्येक गोष्ट यजमानाकडून मागून घ्यावी लागत होती. एकेक करून सगळं मिळालं. फक्त आवाज मिळेना. स्पीकरच्या चित्रावर लाल फुली.

"घरजावयाला आवाज नसतोच," मावशी म्हणाली आणि चहा करायला गेली. वर सांगितलेला चहा तो हाच.

आवाज येणं का गरजेचं होतं, तेही सांगून टाकतो. रिस्टार्टचे बाबा क्रेन चालवतात. बांधकामावर असते ती, एवढी उंच की वर बसलेला माणूस खालून शर्टाच्या बटणाएवढा दिसतो. खाली एक जण उभा राहून हाताने खुणा करतो आणि थांबवायचं असलं की शिट्टी मारतो. बाबांचा क्रेनच्या त्या केबिनवर फार जीव. वर कुणी बोलायला येत नाही, सल्ले द्यायला येत नाही, आणि ढग अगदी शेजाऱ्यासारखे दारावरून जातात. पण साइटवर नवा सुरक्षा अधिकारी आला आणि त्याने फर्मान काढलं: उद्या सकाळी कान ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर खाली उतरा आणि स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वाटा.

"स्टोअरला छत आहे," बाबा घरी म्हणाले होते. माणूस कोठडीबद्दल बोलतो तशा सुरात.

"कशाला काळजी करता? मशीन मी लावतोय, तपासणार मावशी, कान तुमचे. सगळं घरचंच आहे," रिस्टार्ट म्हणाला होता. या वाक्यातल्या तीनही गोष्टींवर त्याचा सारखाच विश्वास होता.

तर तो कामाला लागला. घरजावयाला द्यायला तीन प्रकारची खोटी साउंड कार्डं होती. पहिलं दिलं, त्याने ओळख दाखवली नाही. दुसरं दिलं, तर संगणक स्वतःच बेशुद्ध पडला. तिसरं मात्र मानवलं. लाल फुली गेली. मावशीचा प्रोग्रॅम उघडून क्लिक केलं, तर आवाजाची हिरवी पट्टी टुणटुण उड्या मारायला लागली.

"झालं," रिस्टार्ट म्हणाला.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की हेडफोन कानाला लावून का नाही बघितला? कारण मावशीचा नियम. तो हेडफोन मापात बसवलेला असतो, त्याला पेशंटशिवाय कुणी हात लावायचा नाही. मावशी स्वतःसुद्धा तो कधी लावत नाही. आवाज मोजायचा तिचा मीटर दुरुस्तीला गेला होता. आणि केबिन अशी बांधलेली की आतला आवाज बाहेर येणं शक्य नाही, त्याचेच तर पैसे दिले होते. थोडक्यात, आवाज येतोय की नाही हे सांगू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे पेशंट. आणि पेशंट म्हणणार, "येत नाही," कारण ऐकू येत नाही म्हणूनच तर तो इथवर आलेला.

पहिला पेशंट निवृत्त पोस्टमास्तर. सुनेने आणले होते.

"नाना, आत बसा," सून ओरडली.

"काय?"

"आत बसा."

"हासा?"

आत बसवलं. मावशीने बारीक आवाज पाठवला, मोठा पाठवला, अगदी भिंत हलेल असा पाठवला. नाना खिडकीतून शांतपणे तिच्याकडे बघत राहिले. आलेख तळाला जाऊन पडला.

"अपेक्षित होतंच," मावशी म्हणाली. "मशीन छान चाललंय रे."

रिस्टार्टने कॉलर सारखी केली. सून म्हणाली, "मी तर कधीची सांगत होते," आणि नानांना कानाच्या यंत्राचं माप द्यायला बाहेर बसवलं.

दुसऱ्या आल्या गाण्याच्या बाई. त्यांना काहीच होत नव्हतं. वर्षातून एकदा कान दाखवून घ्यायचे, एवढीच त्यांची शिस्त. त्या आत गेल्या, बसल्या, आणि बराच वेळ बसूनच राहिल्या.

मावशीने आलेख बघितला, चष्मा पुसला, परत आलेख बघितला. "बाई, बसा जरा. सांगायला वाईट वाटतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की. आत्ता तुमचं ऐकलं ना."

"ते तुम्ही ओठ वाचताय."

"मला ओठ वाचता येत नाहीत."

"नकळत शिकतो माणूस. शरीर फार हुशार असतं."

बाईंनी मदतीसाठी रिस्टार्टकडे बघितलं. त्याने हिरव्या पट्टीकडे बघितलं आणि खेदाने मान हलवली. पट्टी व्यवस्थित उड्या मारत होती.

"मग काल शेजारचा नळ ठिबकत होता तो मी ऐकला, तो काय होता?"

"आठवण," मावशी म्हणाली.

मावशीला दोष देण्यात अर्थ नाही. अख्खी हयात तिने 'मला सगळं ऐकू येतं' म्हणणाऱ्या बहिऱ्यांमध्ये काढली होती. माणूस काय म्हणतो ते सोडून आलेख काय म्हणतो ते ऐकायचं, हीच तिची विद्या. गाण्याच्या बाई बाहेर जाऊन नानांशेजारी बसल्या आणि आपण बहिऱ्या आहोत हे कळल्यामुळे मोठमोठ्याने बोलायला लागल्या.

"तुम्ही किती दिवसांपासून?" त्यांनी नानांच्या कानात ओरडून विचारलं.

नाना खुर्चीसकट दचकले. बहिरा माणूस एवढा दचकत नाही, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात बाबा आले. साइटवरून थेट, हेल्मेट काखेत. "काय डॉक्टरीणबाई, कान आणलेत दोन. बघून घ्या."

"बसा भावजी. घाबरू नका."

"घाबरतोय कोण?" बाबा म्हणाले आणि हेल्मेट डोक्यावर ठेवून त्यावर हेडफोन लावायला लागले. ते काढून घ्यावं लागलं.

तपासणी सुरू झाली आणि मावशीच्या भुवया वर चढायला लागल्या. तिने मोठा आवाज पाठवला, बाबांनी बटण दाबलं. मध्यम पाठवला, दाबलं. बारीक पाठवला, दाबलं. मग तिने चुरशीने प्रोग्रॅममधला सगळ्यात क्षीण आवाज काढला, जो फक्त मशीन तपासायला ठेवलेला असतो. बाबांनी तोही पकडला. आलेख पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला.

"भावजी," ती दार उघडून म्हणाली, "तुमचे कान माणसाचे नाहीत."

"म्हणजे पास?"

"पास काय विचारता? वटवाघळाला असले कान मिळाले तर ते पेढे... जाऊ दे, वाटेल ते वाटेल." तिने तिथल्या तिथे सर्टिफिकेट टाइप केलं आणि सही करून प्रिंटरच्या ट्रेमध्ये ठेवलं. शिक्का कपाटात होता, तो शोधायला गेली.

बाबांनी रिस्टार्टचा दंड धरून त्याला फायलींच्या कपाटामागे नेलं. त्यांचा चेहरा पास झालेल्या माणसाचा नव्हता.

"ऐक. आत मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"काय?"

"टाचणी पडल्याएवढंसुद्धा नाही. मी तिच्या खांद्याकडे बघत होतो. क्लिक करताना उजवा खांदा जरासा हलतो तिचा. हलला की मी बटण दाबायचो."

"बाबा, ही फसवणूक झाली."

"उंचावरून माणसाच्या बोटाची खूण ओळखतो मी. खांदा तर केवढा मोठा." त्यांनी त्याचा दंड सोडला. "पण कान गेले रे. पूर्ण गेले. मला वाटलं थोडे गेले असतील."

बाबा आता सर्टिफिकेट खिशात घालून वर जाणार, खालचा माणूस शिट्टी मारणार, आणि वरून लोखंडाचा गठ्ठा शांतपणे त्याच्या डोक्यावर उतरणार, हे सगळं रिस्टार्टला डोळ्यांसमोर दिसलं. आणि मग, अगदी उशिरा, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नाना बहिरे. गाण्याच्या बाई बहिऱ्या. बाबा बहिरे. एका सकाळी एवढे बहिरे?

त्याने प्रोग्रॅमला आपोआप आवाज सोडायला लावलं, मावशीची पाठ आहे असं बघून केबिनमध्ये शिरला आणि तो पवित्र हेडफोन कानाला लावला. बाहेर पडद्यावर हिरवी पट्टी बेभान नाचत होती. कानात काहीही नव्हतं. स्वतः गिळलेला आवंढा तेवढा ऐकू आला.

तो बाहेर आला तो बाबांच्या गळ्यातच पडला. "बाबा, तुमच्या कानांना काही झालेलं नाही. माझं चुकलंय."

त्या घराण्यात हे वाक्य इतक्या आनंदाने आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"नक्की?"

"शंभर टक्के चुकलंय."

"शाबास," बाबा म्हणाले आणि मुलाबद्दल कधी नव्हे तो अभिमान त्यांच्या डोळ्यांत तरळला.

मावशीला सांगणं एवढं सोपं नव्हतं. ती हातात शिक्का घेऊन उभी होती आणि तो ज्या तऱ्हेने धरला होता त्यावरून तो कागदावर उमटेल की कपाळावर हे सांगता येत नव्हतं.

"म्हणजे सकाळपासून मी माणसांना शांतता ऐकवतेय?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"आणि त्या बिचाऱ्या बाईला मी सांगितलं की तिचा नळ म्हणजे आठवण आहे?"

"ते तू स्वतःहून सांगितलंस, मावशी."

"दुरुस्त कर," ती म्हणाली. फक्त एवढंच म्हणाली, हे जास्त भीतिदायक होतं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. घरजावई आवाज काढत होता, खोटं साउंड कार्ड तो घेत होतं, आणि पुढे 'हा आवाज कुठे पाठवायचा' या रकान्यात लिहिलेलं होतं: कुठेही नाही. अशी एक सोय त्यात मुद्दाम केलेली असते. येणारा प्रत्येक आवाज ती अदबीने स्वीकारते, पोच देते आणि फेकून देते. तक्रार खिडकीवर बसवायला इतकं लायक यंत्र दुसरं नसेल. रिस्टार्टने सकाळी घाईत तो रकाना बघितलाच नव्हता.

त्याने 'कुठेही नाही' काढून 'यजमान म्हणेल तिथे' असं केलं. क्लिक केलं. हेडफोन गप्पच. पुन्हा क्लिक केलं, आवाज वाढवला, पूर्ण वाढवला.

बाहेरच्या खोलीत किंकाळी ऐकू आली.

यजमानाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की त्याचा आवाज सकाळपासून एकाच जागी जातोय, छतातल्या स्पीकरमध्ये. वाद्यसंगीताच्या मधोमध एक कर्णकर्कश 'टीं' उमटला. पाठोपाठ दुसरा. रिस्टार्ट धावत बाहेर गेला, तर समोर विलक्षण दृश्य. गाण्याच्या बाई उभ्या राहून दोन्ही हात वर करत म्हणत होत्या, "आला, मला आला." आणि त्यांच्या शेजारी नानांचा हातही वर होता.

सून हळूहळू त्यांच्याकडे वळली. "नाना?"

नानांनी हाताकडे असं बघितलं की जणू तो कुणीतरी तिथे विसरून गेलंय.

"नाना, तुम्हाला ऐकू आलं?"

"काय?" नाना म्हणाले.

"हात वर आहे तुमचा."

"खांदा धरलाय."

"इतकी वर्षं मी घसा फोडून ओरडतेय, आणि तुम्हाला ऐकू येतं?"

नानांनी दीर्घ श्वास घेतला. "सगळंच नाही येत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू माझ्याबद्दल फोनवर बोलतेस तेवढं स्पष्ट येतं." त्यानंतर सून त्यांना घेऊन गेली. जाताना जिन्यावर दोघंही अगदी सर्वसाधारण आवाजात भांडत होती.

रिस्टार्ट परत संगणकाशी बसला. आता त्याने यजमानाला मधून काढूनच टाकलं. हेडफोन ज्या छोट्या डबीतून संगणकाला जोडलेला होता, ती डबी थेट घरजावयाच्या हातात दिली: घे बाबा, तुझं तू बघ. आवाज आला, पण वाळूवरून चपला घासत कुणी चाललंय असा. ऐकायला गाण्याच्या बाई स्वतःहून आत जाऊन बसल्या होत्या. त्यांना आता कुणावरच विश्वास उरला नव्हता.

"खरखर," त्या केबिनमधल्या माइकमधून म्हणाल्या.

त्याने एक आकडा बदलला.

"आता?"

"खरखर गेली. पण तुम्ही क्लिक करता आणि आवाज एवढा उशिरा येतो की मधे माझं नाक पुसून होतं."

त्याने दुसरा आकडा बदलला.

"आता वेळेवर. पण सूर उतरलाय."

"बाई, तो नुसता टीं आहे. त्याला कसला सूर?"

"उतरलाय. सकाळी मला बहिरी ठरवलंत, आता बेसूरही ठरवताय का?"

मावशीने रिस्टार्टकडे नुसतं बघितलं. त्याने तिसरा आकडा बघितला. ती डबी आणि घरजावई वेगवेगळ्या वेगाने आवाज मोजत होते, त्यामुळे प्रत्येक सूर खरंच खाली बसत होता. त्याने दोघांचा वेग सारखा केला.

"हां," आतून समाधानी हुंकार आला. मग बाईंची पुरी तपासणी झाली. त्यांनी बारीक-मोठा प्रत्येक आवाज जागच्या जागी पकडला, बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलल्या. "जुना आलेख तेवढा फाडून टाका."

"टाकते. बसा बाहेर, नवा देते," मावशी म्हणाली. "चला भावजी. आता खरं. आणि या खेपेला मी पडदा लावणार आहे खिडकीला."

"खुशाल लावा," बाबा म्हणाले. ते एकदम तरुण दिसत होते. "आता मशीनच नीट झालंय म्हटल्यावर बघायचंय कुणाला? उद्या सकाळी वर जातो आणि त्या सुरक्षावाल्याला वरूनच सलाम करतो."

ते आत गेले. मावशीने आतून खिडकीचा पडदा ओढला, बाहेर येऊन दार लावलं आणि घोगऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजापासून सुरुवात केली. क्लिक. बटण. क्लिक. बटण. रिस्टार्टचा जीव भांड्यात पडला. आलेखावर ठिपके कसे ऐटीत रांगेने उभे राहत होते.

मावशी एकेक पायरी वर चढू लागली. माणसाच्या बोलण्याची पट्टी. क्लिक. बटण, जरा विचार करून. मग त्याहून वरची, जिथे शिट्ट्या असतात. क्लिक.

बटण नाही.

क्लिक. मोठा. क्लिक. आणखी मोठा.

"गेला परत," रिस्टार्ट म्हणाला. "थांब." त्याने रकाना बघितला. 'कुठेही नाही' कुठेही नव्हतं. डबी घरजावयाच्या ताब्यात होती. तीनही आकडे जिथल्या तिथे. हिरवी पट्टी उड्या मारत होती, पण तिच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? त्याने घरजावई बंद करून परत चालू केला. खालचे आवाज, बटण. शिट्टीचे आवाज, काही नाही. साउंड कार्ड काढून परत लावलं. काही नाही.

"याला फक्त उंच आवाजच झेपत नाहीत," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "विचित्र बिघाड आहे. असा मी कुठे वाचलेला नाही."

मावशी उठली, केबिनचं दार उघडून आत गेली, बाबांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कानाला लावला. मग तिने रिस्टार्टला बोटाने खूण केली. त्याने शिट्टीचा आवाज पाठवला. तिने आणखी एक बोट वर केलं. त्याने आणखी एक पाठवला.

गरज होती त्यापेक्षा ती जास्त वेळ ऐकत उभी राहिली. मग हेडफोन काढला आणि लहान मुलाला टोपी घालतात तसा नीट, दोन्ही बाजूंनी सारखा करून, बाबांच्या डोक्यावर ठेवला. बाहेर आली. दार लावून घेतलं.

"येतोय," ती म्हणाली. "स्वच्छ येतोय."

सकाळपासून रिस्टार्ट याच वाक्यासाठी झटत होता. आता ते मिळालं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. त्याने मेनू उघडला, मिटला, परत उघडला. एकही सेटिंग उरलेलं नव्हतं.

"पुन्हा एकदा बघूया?" तो म्हणाला.

"बघून झालं," मावशी म्हणाली. "वर्षानुवर्षं मोठ्या यंत्रांच्या आवाजात काम केलं की आधी वरचे सूर जातात. हळूहळू जातात, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. तिथे ते खुणांवर निभावत असणार. डोळे फार चांगले आहेत त्यांचे."

आतून पडदा सरकला. काचेला नाक लावून बाबा माइकमधून मोठ्याने म्हणाले, "काय रे, झालं का सुरू? मी केव्हाचा तयार बसलोय. पाठवा की आवाज."

मावशीने तोंड फिरवलं. रिस्टार्टने माइकचं बटण दाबलं आणि ओठ नीट हलवत सांगितलं, "बाबा, मशीन परत बिघडलं. वरचे आवाज निघत नाहीयेत. माझ्याच्याने होत नाहीये. आज सर्टिफिकेट मिळणार नाही."

अख्ख्या दिवसात मशीन निर्दोष असण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाबा बाहेर आले. चेहऱ्यावर राग होता आणि त्याच्या मागे, लपवूनही लपत नाही असं, सुटकेचं हसू. "मला वाटलंच. माझे कान म्हणजे काय... खालचे सगळे आले ना मला? तुझ्या त्या भासाच्या डबड्यातून वरचे निघतच नाहीत."

"निघत नाहीत," रिस्टार्ट म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, पण मला तर आत्ता अगदी स्पष्ट..."

"बाई," मावशी न वळता म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही. गप्प बसा."

मावशीने प्रिंटरच्या ट्रेमधलं सर्टिफिकेट उचललं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. बाबांनी ते बघितलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"म्हणजे उद्यापासून मी स्टोअरात. नटबोल्ट वाटत. का, तर पोराला एक आवाज काढता आला नाही." ते जिना उतरायला लागले. एका जिन्यात त्यांनी त्याचं शिक्षण, त्याचा पगार, त्याचा आळस आणि त्याच्या आईचे लाड हे सगळं घेतलं. रिस्टार्ट मागून उतरत होता. इतका वेळ कुणी आपल्याला बोलतंय आणि तरी बरं वाटतंय, असं त्याच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर बाबांचा राग जरा निवला. चालता चालताच ते म्हणाले, "जाऊ दे. दुसरीकडे कुठेतरी दाखवू कान. चांगलं मशीन असेल तिथे. काय?"

"हो बाबा," रिस्टार्ट मागून म्हणाला.

बाबा चालत राहिले. "काय म्हणतोय मी? जायचं ना?"

"हो," तो जरा मोठ्याने म्हणाला.

बाबा वाट बघत चालत राहिले. मग रिस्टार्ट भराभर चालत त्यांच्या पुढे गेला, वळला, त्यांच्या समोर उभा राहिला आणि मान हलवून पुन्हा एकदा "हो" म्हणाला.

"मग आधीच म्हणायचं," बाबा म्हणाले. "तोंडात काय बोळा कोंबलाय?"